झाकलेला भाग

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या सिंकमध्ये चहाचा चोथा साचला होता. त्यात फुगलेलं अर्धं बिस्किट, कुणीतरी तोंड पुसून टाकलेला कागदी रुमाल आणि त्या सगळ्यावरून निवांत चालणारं एक झुरळ. शेजारी बीकर पालथे घातले होते. मी एक उचलून उजेडात धरला. काठाला तपकिरी वर्तुळ होतं, आणि ते कुठल्याही रसायनाचं नव्हतं.

"अहो, ह्यातून चहा पिताय की काय?" मी विचारलं.

"धुऊन घेतो ना, बाई," कुणीतरी पाठमोरं राहूनच म्हणालं. "आता मुलांना काय उपयोग त्यांचा?"

मला मळमळलं. आयुष्यभर मी मुलांच्या हातून नाना गोष्टी सांडलेल्या पाहिल्या, पुसल्या. बेडकांच्या बरण्या फुटल्या, गंधकाच्या वासानं मजला रिकामा झाला, एकदा एक मुलगा दप्तरात गांडुळं आणून ती तिथेच विसरला. तेव्हा कधी मळमळलं नव्हतं. ती घाण शिकण्याची होती. ही नुसतीच घाण होती.

झालं होतं ते असं. विज्ञानाचा अभ्यासक्रम बदलला होता आणि त्याबरोबर परीक्षाही. पूर्वी दहावीला प्रयोगाची वेगळी परीक्षा असायची. बाहेरचे परीक्षक यायचे, मुलं थरथरत्या हातांनी परीक्षानळ्या धरायची. ती आता बंद झाली. तिच्या जागी प्रयोगांवरचा लेखी पेपर आला. मंडळाच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं की मुलांनी वर्षभर प्रयोग स्वतः करावेत, मग त्यांनी काय पाहिलं ते ह्या पेपरात विचारलं जाईल. मला ती कल्पना आवडली होती. थरथरत्या हातांपेक्षा शांतपणे आठवून लिहिणं बरं.

पण आमच्या विज्ञान विभागानं पुस्तिका मागच्या बाजूनं उघडली. मागे नमुना प्रश्नपत्रिका होती. ती वाचली आणि पुस्तिका मिटली.

आमचे विभागप्रमुख भौतिकशास्त्राचे. कधीकाळी माझेच विद्यार्थी. आकृती अशी रेखीव काढायचे की भिंगाखाली काय दिसतंय ते बघायचं राहूनच जायचं. मुलं त्यांना पडदेसर म्हणतात, कारण वर्गात आल्याबरोबर ते फळ्यावर पांढरा पडदा ओढतात आणि तास संपल्यावरच वर करतात. तर पडदेसरांनी आम्हाला बैठकीला बोलावलं.

"प्रयोगाची परीक्षा नाही, म्हणजे प्रयोग नाहीत," ते म्हणाले. "प्रयोगाविषयी लिहिता आलं पाहिजे, बस. मी सगळ्या प्रयोगांचे व्हिडिओ करून घेतोय. मुलं बघतील, पाठ करतील, लिहितील. प्रयोगशाळेत सराव परीक्षेसाठी बाकं टाकू. खोलीला नाव द्यायचं 'विज्ञान सज्जता कक्ष'."

"पुस्तिकेत तर लिहिलंय, मुलांनी स्वतः—"

"बाई, पुस्तिकेत खूप काय काय लिहिलेलं असतं."

सगळे हसले. आमच्यात सगळ्यात नवीन असलेल्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका, ज्यांना सगळे धाकट्या बाई म्हणतात, त्याही हसल्या. फक्त त्यांचं हसू जरा उशिरा आलं.

"आणि तपासायचं कसं?" मी विचारलं.

"मुख्य शब्दांवर. प्रत्येक उत्तरात दोन-तीन मुख्य शब्द ठरवायचे. ते दिसले की खाली रेघ, बाजूला बरोबरची खूण. मग भौतिकवाल्यानं जीवशास्त्र तपासलं तरी चालतं. वेळ वाचतो. दुसऱ्या तपासनीसानं नुसती सही करायची. बाई, जीवशास्त्राच्या गठ्ठ्यांवर तुम्ही."

एवढं सांगून त्यांनी समोरच्या बीकरमधला चहा संपवला.

आठवड्याभरात गॅसच्या तोट्या काढून टाकल्या. सिंकवर लाकडी फळ्या ठोकल्या. तो कोपऱ्यातला तेवढा राहिला, चहासाठी. सूक्ष्मदर्शक कपाटात एकमेकांवर रचले होते, आणि एकाच्या नेत्रभिंगावर चघळलेल्या च्युइंगगमचा गोळा चिकटवला होता. मी तो नखानं खरवडून काढला. घरी येऊन हात साबणानं कितीतरी वेळ धुतले.

"काय गं, कुणाचा खून करून आलीस?" आमच्या ह्यांनी शब्दकोड्यातून मान वर काढून विचारलं.

"करावासा वाटतोय."

"कुणाचा ते ठरलं की सांग. मी साबण आणून ठेवतो."

व्हिडिओ तयार झाले. त्यातला पानाचा प्रयोग माझा आवडता. ज्यांना शाळा सोडून खूप वर्षं झाली त्यांच्यासाठी तो थोडक्यात सांगते. कुंडीतलं झाड एक-दोन दिवस अंधारात ठेवायचं, म्हणजे पानातला साठलेला स्टार्च संपतो. मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी चाप लावून घट्ट बसवायची आणि झाड उन्हात ठेवायचं. उघड्या भागाला ऊन मिळतं, तिथे स्टार्च तयार होतो. पट्टीखाली अंधार, तिथे काही होत नाही. संध्याकाळी ते पान तोडून आधी पाण्यात उकळायचं, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये, त्याचा हिरवा रंग निघून जाईपर्यंत. शेवटी त्यावर आयोडीनचे थेंब. जिथे स्टार्च आहे तिथे पान निळं-काळं होतं. झाकलेली पट्टी तपकिरीच राहते.

मी हा प्रयोग नववीच्या मुलांकडून दरवर्षी करून घ्यायचे. निळा रंग चढायला लागला की वर्गात जो आवाज उठतो तो ऐकण्यासाठी मी अजून शाळेत जाते असं म्हटलं तरी चालेल. उन्हानं स्वयंपाक केला, आणि तो आपल्याला दिसला!

पडदेसरांच्या व्हिडिओत पडद्यावर पान आलं, आयोडीन पडलं, आणि पानाच्या मधोमध एक सुरेख निळी पट्टी उमटली. बाजूचा सगळा भाग तपकिरी.

मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसले होते. आधी वाटलं, माझेच डोळे. चष्मा पुसला. पट्टी निळीच. मुलं ते भराभर लिहून घेत होती.

तास संपल्यावर मी धाकट्या बाईंना त्या चहाच्या सिंकपाशी गाठलं. त्या नखं घासत होत्या. नखांच्या कडांना निळं काहीतरी बसलं होतं.

"शाई आहे का हो?" मी हळूच विचारलं.

त्यांनी नळ बंद केला. "बाई, माझं नाव नका घेऊ."

"नाही घेणार. सांगा."

"झाड सरांच्या केबिनमध्ये कपाटावर होतं. ऊन लागलंच नाही त्याला. आयोडीन टाकलं तर सगळं पान तपकिरी. कॅमेरावाला घाई करत होता, त्याला दुसरीकडे जायचं होतं. सर म्हणाले, रंग तर बदलायला हवा. पेनाची रीफिल फोडली. मी पान धरलं, त्यांनी काडीला कापूस लावून रंगवलं."

"पण पट्टी का रंगवली? पट्टीखाली तर काहीच होत नाही!"

"मी म्हटलं तसं, हळूच. तर म्हणाले, 'अहो, प्रयोग जिथे केला तिथेच बदल होणार ना? बाकीच्या पानाला आपण हात तरी लावलाय का?'"

मी कपाळाला हात लावला. हे वाक्य मूर्खाचं नाही, हे लक्षात घ्या. ज्यानं प्रयोग कधी होताना पाहिलाच नाही, फक्त त्याची आकृती पाहिली, अशा हुशार माणसाचं ते वाक्य आहे. म्हणूनच मला त्याची जास्त किळस आली.

"तुम्ही गप्प बसलात?"

"बाई, मी अजून कायम नाही झाले," त्या म्हणाल्या आणि पुन्हा नखं घासायला लागल्या.

मी सरळ केबिनमध्ये गेले. पडदेसरांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाले, "बघतो, बाई." हे 'बघतो' मी त्यांच्याकडून ते चौथ्या बाकावर बसायचे तेव्हापासून ऐकत आले आहे. आकृतीखाली नावं द्यायला सांगितली की असंच म्हणायचे.

बघितलं काही नाही. सराव परीक्षा आली.

ह्या परीक्षेवर बरंच काही अवलंबून होतं. नव्या अभ्यासक्रमात विज्ञान दोन प्रकारचं झालं होतं. एक सामान्य, एक सखोल. सखोल घेतलं तरच पुढे डॉक्टरकी, औषधशास्त्र, संशोधन, जे काय असेल ते. कोण कुठे जाणार ते ह्या परीक्षेवर ठरायचं, आणि प्रयोगांच्या पेपरातल्या प्रत्येक प्रश्नात पास होणं सक्तीचं होतं.

पेपरांचा गठ्ठा माझ्याकडे सहीसाठी आला. पडदेसरांनी स्वतः तपासला होता. मला नुसती सही करायची होती, पण मला नुसती सही करता येत नाही. हात वळत नाही. मी वाचायला बसले.

'झाकलेला भाग निळा झाला.' खाली रेघ, बरोबर. पुढचा पेपर. 'झाकलेला भाग निळा झाला.' बरोबर. पुढचा. 'झाकलेला भाग निळा झाला.' एकाच साच्यातून काढलेल्या विटा. आणि ह्याच मुलांनी गेल्या वर्षी माझ्यासमोर, ह्याच खोलीत, स्वतःच्या हातांनी ते पान उकळलं होतं. उघडा भाग निळा होताना बघून बाकांवर चढली होती. एका मुलीचा चष्मा स्पिरिटच्या वाफेनं धुकटला होता आणि ती ओरडत होती, "मला दिसत नाहीये, थांबा, थांबा!"

वर्गातली पहिली येणारी मुलगी व्हरांड्यात दिसली. मी तिला बोलावलं.

"बाळ, गेल्या वर्षी तू स्वतः पाहिलंस ना? कुठला भाग निळा झाला होता?"

"उघडा भाग, बाई."

"मग आता उलटं का लिहिलंस?"

ती जरा गोंधळली. मला काहीतरी सोपं समजत नाहीये असं तिला वाटलं असावं. समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "बाई, ते जुन्या अभ्यासक्रमात होतं."

तिचा काही दोष नव्हता. चुणचुणीत, कष्टाळू, सांगितलेलं मनापासून करणारी पोर. तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं आम्ही मोठ्यांनी तिच्याकडून काढून घेतलं होतं आणि तिला ते समजलंसुद्धा नव्हतं.

गठ्ठ्याच्या तळाशी एका पेपरावर लाल फुली होती. उत्तर असं होतं: 'उघडा भाग निळा-काळा झाला. झाकलेला भाग तपकिरी राहिला. (गेल्या वर्षी प्रत्यक्ष पाहिले.)' शून्य. आणि त्या शून्यामुळे पेपर नापास. एका प्रश्नासाठी.

पेपर शंकूचा होता. सतत शंका विचारते म्हणून मुलांनी तिला हे नाव ठेवलं, आणि तिनं ते आनंदानं घेतलं. बुटकी, केसांत नेहमी कुठून तरी पेन्सिल खोचलेली, आणि प्रश्न असे की शिक्षकांनी घड्याळाकडे बघावं. एकदा तिनं विचारलं होतं, "बाई, पानाला अंधार आवडत नाही, की त्याला अंधार कळतच नाही?" मी अजून त्याचं उत्तर शोधते आहे. तिला लहानपणापासून एकच व्हायचंय, औषधं शोधणारी. तिची आई औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. शंकू सांगायची, "आई औषधं देते. ती बनवतं कोण, मला तिथे जायचंय."

मी तो पेपर घेऊन केबिनमध्ये गेले आणि ह्या वेळी बसले. उभी असले की लोक मला वाटेला लावतात.

"हे उत्तर बरोबर आहे. बाकीची सगळी चूक आहेत."

पडदेसरांनी पेपर पाहिला, मग पुस्तक उघडलं, मग पुन्हा पेपर पाहिला. त्यांचा चेहरा पडला. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, 'अरेच्चा, चुकलो.' एवढं म्हटलं असतं तरी मी सगळं विसरले असते. मुलं रोज चुकतात. चुकणं हे तर आमच्या धंद्याचं भांडवल.

"बाई, व्हिडिओ वर पाठवून झालाय," ते आवाज उतरवून म्हणाले. "मंडळाच्या सल्लागारांना फार आवडला. इतर शाळांना दाखवणार म्हणतायत. विज्ञान सज्जतेचा नमुना म्हणून."

"मग तर ताबडतोब थांबवा. सगळीकडे उलटं शिकतील."

"आता मागे घेतला तर शाळेची काय राहते? सगळ्या वर्गाचे गुण बदलायचे? पालक येऊन बसतील उरावर." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करू. प्रश्नच दुरुस्त करू."

"म्हणजे?"

"प्रश्नात घालायचं, 'व्हिडिओत दिसल्याप्रमाणे'. 'व्हिडिओत दिसल्याप्रमाणे पानाच्या कुठल्या भागाचा रंग बदलला?' मग उत्तर बरोबरच होतं! व्हिडिओत तर पट्टीच निळी आहे."

इतक्या झटपट उत्तर सुचावं आणि ते असं असावं! चौथ्या बाकावरचा तो मुलगा आकृती सुबक काढायचा तेव्हा मी त्याच्या वहीवर 'छान' लिहायचे. ते 'छान' आता समोर बसून टोपण लावत होतं.

"आणि ह्या मुलीचं काय?"

"तिला फेरपरीक्षा देऊ. नापास झालेल्यांची घेणारच आहोत. हाच प्रश्न, नव्या शब्दांत. तिला म्हणावं, व्हिडिओतलं लिही आणि मोकळी हो. बाई, मी काही तिचा शत्रू नाही."

हे मात्र खरं होतं. ते कुणाचेच शत्रू नव्हते. माझा राग काढायला समोर धड शत्रूही नव्हता, नुसता एक चिकट, गोड बोलणारा ओशटपणा होता, जो हाताला लागला की निघत नाही.

मी सही न करता गठ्ठा परत ठेवला. त्यांनी तो अलगद बाजूला सरकवला, जसं म्हाताऱ्या माणसाचं औषध घ्यायचं राहिलं की घरातले सरकवतात.

दुसऱ्या दिवशी शंकूची आई आली. दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगात, दुपारच्या सुट्टीत धावत आलेली. शंकू मागे उभी, जमिनीकडे बघत.

"बाई, तुमचंच ऐकते ती. सांगा ना हिला, जे पाहिजे ते लिहून टाक म्हणावं. एक वाक्य. एका वाक्यासाठी सगळं आयुष्य सामान्यात घालवणार का ही?"

"आई, ते खोटं आहे," शंकू म्हणाली.

"खोटं, खोटं! कालपासून तेच चाललंय. मी दिवसभर लोकांना म्हणते, हे घ्या, बरं वाटेल. सगळ्यांना बरं वाटतं का?"

"मग तू म्हणतेस तरी कशाला?"

"बघा! बघा, बाई! हे असं आहे." आईला रडू येत होतं आणि हसूही. "तिच्या वडिलांवर गेली आहे. तेही असेच सगळीकडे बरोबर होते आणि कुठेच टिकले नाहीत."

मी दोघींना बसवलं, पाणी दिलं, फेरपरीक्षेत प्रश्न कसा येणार तेही सांगितलं. आईला सांगितलं की मी शंकूशी बोलेन. ती कोटाच्या बाहीनं डोळे पुसत दुकानाकडे पळाली.

शंकूनं केसांतली पेन्सिल काढली, बघितली, परत खोचली. "बाई, काय लिहू?"

इतकी वर्षं मुलांनी मला हजार गोष्टी विचारल्या, पण हा प्रश्न ह्या अर्थानं कुणी विचारला नव्हता. 'पाहिलंस ते लिही' म्हणावं, तर मी माझ्या तत्त्वासाठी ह्या पोरीचं आयुष्य पणाला लावते. माझं काय जातं, माझं तर निवृत्तिवेतन ठरलेलं. 'सांगितलंय ते लिही' म्हणावं, तर ज्या एका मुलीनं डोळे उघडे ठेवले तिचे डोळे मीच मिटते. दोन्ही शब्द तोंडात आले आणि दोन्हींची घाण वाटली.

"मला ठाऊक नाही, बाळ," मी म्हटलं. "पण सखोल विज्ञानात तू गेलीच पाहिजेस. आधी आपण एकदा पान बघू या का? मग ठरव."

माझ्याकडे खिडकीत एक कुंडी होती. दोन दिवस अंधारात ठेवून, मग पट्टी लावून ती उन्हात ठेवली होतीच. सवयीनं मी ती दरवर्षी ठेवते. दुपारनंतर आम्ही दोघी सज्जता कक्षात गेलो. बाकं बाजूला सारली. एका सिंकवरची फळी मी खिळे उपसून उचलली. आत कोळी आणि मेलेल्या माश्या होत्या. शंकूनं नाक धरलं, मग हातमोजे घालून सगळं घासून काढलं. गॅस नव्हताच, म्हणून किटलीतलं उकळतं पाणी. स्पिरिटचा वास खोलीभर पसरला तसा मला किती दिवसांनी मोकळा श्वास आला.

आयोडीन पडलं. दोघी वाकलो. आधी काही नाही. मग कडेपासून हळूहळू निळं, गडद, जवळजवळ काळं. मधली पट्टी तशीच, तपकिरी, स्वच्छ, सरळ काठांची.

"अजूनही तसंच होतं," शंकू म्हणाली. जणू तिला भीती होती की दरम्यान पानांनीही अभ्यासक्रम बदलला असेल.

तिनं पान उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. मग विचारलं, "बाई, प्रश्न 'व्हिडिओत दिसल्याप्रमाणे' असाच येणार ना? नक्की?"

"नक्की."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिनं पान टिपकागदात ठेवलं आणि घरी घेऊन गेली.

फेरपरीक्षा झाली. गठ्ठा तपासून माझ्याकडे आला, वर चिठ्ठी: 'बाई, आज सही हवी. याद्या लावायच्या आहेत.' मी सगळ्यात आधी शंकूचा पेपर काढला. तिनं लिहिलं होतं:

'व्हिडिओत दिसल्याप्रमाणे पानाचा झाकलेला भाग निळा आहे, कारण तो शाईने रंगवलेला आहे. शाई शिरांवरून ओघळून देठापर्यंत गेलेली दिसते. आयोडीनने असे होत नाही. खऱ्या पानात उघडा भाग निळा-काळा होतो आणि झाकलेला तपकिरी राहतो. हा प्रयोग मी दोनदा केला आहे.'

'झाकलेला भाग' ह्या शब्दांखाली लाल रेघ होती. 'निळा' खाली लाल रेघ. बाजूला बरोबरची मोठी खूण आणि पूर्ण गुण. त्यापुढच्या ओळींवर पेन टेकलंही नव्हतं.

मी ते पुन्हा वाचलं. मग खिडकीशी जाऊन वाचलं. आधी मला हसू आलं, मोठ्यानं, एकटीलाच. पोरीनं एकही अक्षर खोटं लिहिलं नव्हतं आणि तरी पास झाली होती! मग हसू ओसरलं. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं ते पान रंगवलं, त्याच्याच हातात त्याचं सगळं कृत्य शब्दाशब्दांत लिहून दिलेलं होतं, आणि त्यानं त्याला पूर्ण गुण दिले होते. खरं असो, खोटं असो, ह्या खोलीत काही फरकच पडत नव्हता. सत्य लपवायचीही गरज राहिली नव्हती. कुणी वाचतच नव्हतं.

त्या एका पेपरावर मी सही केली. माझी सगळ्यात नीट, पूर्ण नावाची सही. बाकीचा गठ्ठा सही न करता परत पाठवला, आणि मंडळाला एक पत्र टाकलं, साध्या शब्दांत, शंकूनं वाळवून परत आणून दिलेल्या पानासह. त्याचं काय होईल ते होवो. दोन ओळींपुढे कुणी वाचलं तर होईल.

याद्या लागल्या. सखोल विज्ञानाच्या यादीत शंकूचं नाव होतं. तिच्या आईनं दुकानातून फोन केला, पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, आणि ती मध्येच त्याला "थांबा हो जरा!" म्हणून इकडे रडत होती.

शंकू मात्र संध्याकाळी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मी तो कोपऱ्यातला चहाचा सिंक घासत होते. दोन्ही बाह्या वर, चोथा कागदात गोळा करत.

"बाई, मी पास झाले."

"माहिती आहे. सही माझीच आहे."

ती आत आली नाही. "सरांनी काही म्हटलं? माझ्या उत्तराविषयी?"

"नाही."

"ओरडले नाहीत?"

"नाही गं."

"मला वाटलं बोलावतील. मी तयारी करून आले होते. देठाचं सगळं चित्र काढून ठेवलं होतं, शाई कशी ओघळली ते." तिनं वहीचा कोपरा दाखवला, मग वही मिटली. तिच्या लक्षात यायला लागलं होतं. मला ते तिच्या चेहऱ्यावर कडेकडेनं चढताना दिसत होतं. "बाई, सरांनी ते वाचलं तरी का?"

मुलांशी खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळत आले.

"नाही, बाळ. नाही वाचलं."

"मग गुण कशाचे दिले?"

तिनं सिंककडे पाहिलं, माझ्या हातातल्या चोथ्याकडे पाहिलं, आणि तिचं तोंड असं वाकडं झालं जसं कुणी घोट घ्यायला दिलेला ग्लास आतून खरकटा निघावा. ज्या यादीसाठी तिची आई दिवसभर रडली ती यादी तिला नकोशी झाली होती.

"चित्र दाखव," मी म्हटलं. "मला बघायचंय. देठापासून सुरुवात कर."

ती अजून दारातच होती. मग पेन्सिल केसांतून काढली.

"आधी हात धू," मी म्हटलं. "त्या दुसऱ्या सिंकमध्ये. तो आपण स्वच्छ केलाय."